पंचांगाच्या पानातली मिरी

हॉलंडमधल्या हार्लेम शहरात १६२७ साली दोन गोष्टी घडल्या. पीटर क्लास नावाच्या तिशीतल्या चित्रकाराने मेजवानीच्या मेजाचे एक मोठे चित्र पुरे केले. आणि टोरेन्टियस ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या एका चित्रकाराला त्याच शहरात पाखंडीपणाच्या आरोपावरून तुरुंगात टाकण्यात आले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी उघड संबंध काही नाही. दोघा चित्रकारांत साम्य एवढेच, की दोघांनीही घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना चित्राचा विषय केले. पेला, सुरई, ताट, सुरी, पाव, फळ. ह्या चित्रांत देव नाही, राजा नाही, लढाई नाही, कथा नाही, माणूससुद्धा नाही. तरीही तीनशे-साडेतीनशे वर्षे लोक ह्या चित्रांपुढे उभे राहून त्यांचा अर्थ विचारीत आले आहेत. क्लासचे ते चित्र आणि टोरेन्टियसचे एकमेव उरलेले चित्र आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये आहे. निर्जीव वस्तू चित्रात येऊन बसते तेव्हा ती काय सांगते, कोणाला सांगते आणि काय सांगायचे टाळते, हा प्रश्न ह्या दोन चित्रांच्या आधाराने विचारून पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडे ह्या चित्रप्रकाराची ओळख बहुतेकांना शाळेत होते. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसलेल्या मुलाने मडके, कांदा, वांगे आणि मागे सोडलेले घडीचे कापड ह्यांचे स्थिरचित्र काढलेलेच असते. मास्तर उजेड कुठून येतो ते सांगतात, सावली कुठे पडते ते सांगतात. मडके का आणि कांदा का, हे कोणी विचारीत नाही. त्यामुळे स्थिरचित्र म्हणजे हात बसवण्याचा सराव, अशीच समजूत मनात राहते. ह्या समजुतीला युरोपातही मोठा आधार होता. फ्रान्सच्या राजाश्रित कलाअकादमीत १६६७ साली फेलिबियाँ ह्याने चित्रविषयांची पायऱ्यापायऱ्यांची प्रतवारी लावली, तेव्हा फळाफुलांची आणि वस्तूंची चित्रे अगदी खालच्या पायरीवर बसली. खुद्द हॉलंडमध्ये होखस्ट्राटेन ह्या चित्रकार-लेखकाने १६७८ साली अशा चित्रकारांना कलेच्या सैन्यातले साधे पायदळ ठरवले. नावाची गंमतही पाहण्यासारखी आहे. डच लोकांनी सतराव्या शतकाच्या मध्यास ह्या प्रकाराला ‘निश्चल जीवन’ अशा अर्थाचा शब्द योजला. फ्रेंचांनी पुढे त्यालाच ‘मृत निसर्ग’ म्हटले. एकाच मेजावर एकाला जीवन दिसले, दुसऱ्याला मरण. दोघांचेही बरोबर होते, हे पुढे दिसेलच.

वस्तूंची चित्रे काढण्याची हौस मात्र फार जुनी. ग्रीक चित्रकार झ्यूक्सिसने द्राक्षे अशी हुबेहूब काढली की पाखरे चोच मारायला आली, ही प्लिनीने सांगितलेली गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. पाँपेई येथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या एका मोझेइकमध्ये मध्यभागी कवटी आहे. तिच्याखाली फुलपाखरू आणि चाक. वर गवंड्याचा ओळंबा. एका बाजूला राजदंड व जांभळे वस्त्र, दुसऱ्या बाजूला भिकाऱ्याची काठी व झोळी. मृत्यूच्या ओळंब्याला राव आणि रंक एकाच पातळीत येतात, हा अर्थ सांगायला तिथे एका अक्षराची गरज पडत नाही. पुढे मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांत मेरीच्या खोलीतले लिलीचे फूल, स्वच्छ पाण्याचे पात्र, तेवती मेणबत्ती ह्या वस्तूंनाही ठरावीक अर्थ मिळाले. १६०० च्या आगेमागे ह्या वस्तूंनी धर्मकथेचा हात सोडला आणि त्या एकट्या उभ्या राहू लागल्या. इटलीत काराव्हाज्जोने फळांची करंडी काढली. तीत सफरचंदाला कीड लागलेली आहे आणि पाने सुकत चालली आहेत. स्पेनमध्ये सांचेस कोतानने खिडकीच्या चौकटीत कोबी आणि बिही फळ दोरीने टांगले, खाली खरबूज आणि काकडी ठेवली, मागे मिट्ट काळोख. १६०३ साली तो चित्रशाळा बंद करून मठात दाखल झाला. भाजी नासू नये म्हणून टांगण्याची ती घरगुती रीत होती. पण त्या काळोखासमोर तो कोबी असा लोंबतो की पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

ह्या प्रकाराला खरा बहर आला तो हॉलंडमध्येच, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. १५६६ साली नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट उसळली. चर्चमधल्या मूर्ती फुटल्या, चित्रे फाटली. पुढे उत्तरेकडचे प्रांत स्पेनशी लढून स्वतंत्र झाले आणि तिथे कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांचा वरचष्मा झाला. त्यांच्या चर्चच्या भिंती पांढऱ्याफेक राहिल्या. चर्चकडून मिळणारे काम गेले तेव्हा चित्रकाराला बाजारात बसावे लागले, आणि बाजारात गिऱ्हाईक भरपूर होते. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६४० साली अ‍ॅम्स्टरडॅमला आला तेव्हा खाटीक आणि भटारी आपल्या दुकानांत, लोहार आणि चांभार आपल्या कामाच्या जागी चित्रे टांगतात, हे पाहून त्याला नवल वाटले आणि तसे त्याने लिहून ठेवले. ह्या गिऱ्हाइकाला संत नको होते. पण संतांनी शिकवलेली सवय त्याच्या अंगातून गेली नव्हती. चित्राने काही बोध करावा, ही अपेक्षा कायम होती. देव्हाऱ्यातून काढलेला बोध मग स्वयंपाकघरातल्या भांड्यांत येऊन बसला.

आपल्याकडच्या वाचकाला ह्यात परके वाटण्याचे कारण नाही. तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवून तिचा गणपती करणारी आपली माणसे. वस्तू म्हणजे केवळ वस्तू नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. फरक असा, की आपण आवाहन करून वस्तूत देव आणतो आणि विसर्जन करून त्याला निरोप देतो. सुपारी पुन्हा सुपारी होते. डच चित्रातल्या वस्तूला असे विसर्जन नाही. तिच्यातला बोध आणि तिच्यातला मोह एकाच वेळी, एकाच उजेडात, कायमचे मुक्कामाला असतात.

*

बोधाची बाजू सर्वांत स्पष्ट दिसते ती लायडेन शहरातल्या चित्रांत. लायडेन हे विद्यापीठाचे गाव. तिथे विद्वान पुष्कळ आणि धर्मचिंतनाचे वातावरण दाट. बायबलातल्या ‘उपदेशक’ ह्या ग्रंथाच्या आरंभीच सारे काही पोकळ, वाफेसारखे आहे असा जो उद्गार येतो, त्यातल्या लॅटिन शब्दावरून ह्या चित्रांना ‘व्हॅनिटास’ असे नाव पडले. याकोब द गेन ह्याने १६०३ साली काढलेले चित्र ह्या जातीचे सर्वांत जुने स्वतंत्र चित्र मानले जाते. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कोनाड्यात कवटी, तिच्यावर तरंगणारा मोठा बुडबुडा, बाजूला फुलदाणीत ट्यूलिप, खाली नाणी, आणि वर दोन कोपऱ्यांत जगाला हसणारा डिमॉक्रिटस व जगासाठी रडणारा हेराक्लिटस. हार्मेन स्टेनवाइकने १६४० च्या सुमारास काढलेल्या, लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात कवटीवर तिरपा उजेड पडतो. भोवती पुस्तके, वाद्ये, घड्याळ, शंख, जपानी तलवार. आणि एक दिवा, नुकताच विझलेला. वातीतून निघणारी धुराची रेघ अजून हवेत आहे. विद्या, संगीत, शौर्य, संपत्ती ह्या साऱ्यांची हजेरी त्या धुराच्या रेघेने घेतली आहे.

स्टेनवाइकचा मामा आणि गुरू डेव्हिड बेली. त्याने १६५१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ह्याच विषयावर एक चमत्कारिक चित्र काढले. त्यात एक तरुण चित्रकार बसला आहे आणि त्याने हातात एका वयस्क माणसाची छोटी तसबीर धरली आहे. तसबिरीतला माणूस बेली स्वतः. आणि तो तरुणही तोच, ऐन उमेदीतला, असा पुष्कळांनी अर्थ लावला आहे. भोवती कवटी, फुले, नाणी. हवेत साबणाचे बुडबुडे. तारुण्याने वार्धक्याची तसबीर हातात धरून बसावे, ही कल्पना केवळ कवटी दाखवण्यापेक्षा किती तरी खोल जाते.

ह्या संकेतांचे शिक्षण लोकांना छापील पुस्तकांतून मिळत होते. रूमर फिस्सरचे चित्र-सुभाषितांचे पुस्तक १६१४ साली निघाले. त्यात शंखशिंपल्यांवर आणि ट्यूलिपच्या कंदांवर पैसा उधळणाऱ्यांची टर उडवली आहे. ट्यूलिपच्या सट्ट्याचा फुगा फुटला तो १६३७ च्या फेब्रुवारीत. म्हणजे फिस्सरने वीस वर्षे आधीच धोक्याची घंटा वाजवून ठेवली होती. याकोब काट्सची अशीच पुस्तके घराघरात वाचली जात.

ह्या पुस्तकांच्या आधाराने चित्रांचा एक कोशच तयार करता येतो. बुडबुडा म्हणजे आयुष्य, घड्याळ म्हणजे काळ, पाव आणि मद्य म्हणजे ख्रिस्ताचे देह आणि रक्त, अक्रोडाचे कवच म्हणजे क्रूसाचे लाकूड आणि आतला गर म्हणजे ईश्वरतत्त्व. हॉलंडमधले विद्वान एडी द योंग ह्यांनी १९६० च्या दशकापासून हा मार्ग प्रशस्त केला. त्यांच्या अभ्यासाने ह्या चित्रांकडे केवळ हुबेहूबपणाचे नमुने म्हणून पाहण्याची खोड मोडली, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण कोश हातात आला की चित्र बाजूला राहण्याचा धोका असतो. १९८३ साली स्वेतलाना आल्पर्स ह्या विदुषीने उलट बाजू मांडली. ज्या देशात भिंगे घासली जात, नकाशे छापले जात, सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब पाहिला जात होता, त्या देशात पाहणे हेच ज्ञान होते. प्रत्येक लिंबाच्या पोटी प्रवचन दडलेले असलेच पाहिजे असे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

लिंबाचेच उदाहरण घेऊ. अर्धे सोललेले, सालीची वळी मेजाच्या कडेवरून खाली लोंबणारे लिंबू डच चित्रांत इतक्या वेळा येते की ते त्यांची खूणच झाले आहे. दिसायला सुंदर, चवीला आंबट. म्हणून ते फसव्या सौंदर्याचे प्रतीक, असे पुष्कळांनी सांगितले आहे. पण तेव्हाच्या लोकांना मद्यात लिंबू घालून प्यायला आवडे, हीही गोष्ट खरी. आणि पिवळी खरबरीत साल, आतला पांढरा थर, त्याच्या आत चकाकणारा रस हे तीन पोत एकाच फळात उतरवणे ही चित्रकाराची कसोटी होती, हेही खरे. तिन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात. भाषेतल्या शब्दाला जसा वाच्यार्थ असतो आणि ध्वनीही असतो, आणि प्रसंग पाहूनच कोणता वर येतो ते ठरते, तसेच हे आहे. शेजारी कवटी असेल तर लिंबू गंभीर होते. शेजारी कालवे आणि भरलेला पेला असेल तर जीभ चाळवते.

*

टोरेन्टियसची कहाणी इथे सांगायला हवी. कारण वस्तूच्या प्रतीकाचा आणि माणसाच्या प्राणाचा संबंध तिच्यात सरळ येतो.

त्याचे खरे नाव योहानेस व्हान डेर बेक. जन्म अ‍ॅम्स्टरडॅमचा, १५८९ चा. त्याचे उरलेले चित्र १६१४ सालचे आहे. जवळजवळ वर्तुळाकार फळी. काळ्या पार्श्वभूमीवर डावीकडे मद्याचे धातूचे भांडे, उजवीकडे पाण्याची मातीची सुरई, मध्ये अर्धा भरलेला पेला. पुढे दोन चिलमी. पेल्याखाली स्वरलिपीचा एक कागद, त्यावर दोन ओळी: जे मापाबाहेर जाते त्याचा शेवट मापाबाहेर वाईट होतो, अशा अर्थाच्या. आणि वर अंधारात, पहिल्या नजरेला दिसतही नाही असा, घोड्याचा लगाम टांगलेला. मद्यात पाणी घालून प्यावे, वासनेला लगाम असावा, सूर मापात असावा. संयमावर इतके नेटके प्रवचन क्वचितच कोणी रंगवले असेल. कॉन्स्टान्टाइन हायगेन्ससारख्या चोखंदळ रसिकाने निर्जीव वस्तू रंगवण्यात हा माणूस चमत्कार करतो अशी ग्वाही दिली आहे.

आणि ह्याच माणसावर स्वैराचाराचा, ईश्वरनिंदेचा आणि पाखंडाचा आरोप आला. १६२७ साली हार्लेममध्ये त्याला पकडले, त्याचा छळ केला. त्याने काही कबूल केले नाही. १६२८ साली त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याला त्याची कला हवी होती. त्याने रदबदली केली आणि १६३० साली टोरेन्टियस सुटून इंग्लंडला गेला. पुढे तो अ‍ॅम्स्टरडॅमला परतला आणि १६४४ साली तिथेच वारला. त्याची चित्रे नाहीशी झाली. हे एक चित्र तेवढे विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधल्याच एन्स्खेडे गावी सापडले. ते तिथे मनुकांच्या पिंपावर झाकण म्हणून वापरात होते. पाठीमागे चार्ल्स राजाच्या संग्रहाचा शिक्का होता म्हणून त्याची ओळख पटली.

ह्या कहाणीतून काही लोक असा निष्कर्ष काढतात, की चित्रातला उपदेश म्हणजे नुसते ढोंग. मला तो घाईचा वाटतो. टोरेन्टियस खरोखर कसा होता हे आरोप करणाऱ्यांच्या तोंडून ठरवता येणार नाही. त्यातून एवढे मात्र निश्चित दिसते, की वस्तूचे प्रतीक कोणाच्याही मालकीचे नसते. ज्या समाजाने संयमाचे चित्र भिंतीवर लावले, त्यानेच ते रंगवणाऱ्याला बोलू न देण्यासाठी यातनागृहाचे दार उघडले. लगाम रंगवणारा एक आणि लगाम हातात धरणारे दुसरे.

उपदेशातली दुसरी विसंगती अधिक शांत आणि अधिक सार्वत्रिक आहे. संपत्ती पोकळ आहे असे सांगणारे चित्र स्वतः विकत घेण्याची, चौकट करून मिरवण्याची वस्तू होते. क्लास आणि त्याचा समकालीन विलेम हेडा ह्यांनी हार्लेममध्ये करड्या-तपकिरी रंगात जी मेजाची चित्रे काढली, त्यांतला रंगाचा संयम मन मोहून टाकतो. पण मोजके रंग आणि पातळ लेप म्हणजे थोडा वेळ आणि थोडा खर्च, त्यामुळे चित्र स्वस्तात विकता येई, हे अर्थशास्त्रज्ञ माँटियास ह्यांनी दाखवून दिले आहे. साधेपणालाही बाजाराचे गणित होते. पुढे शतकाच्या उत्तरार्धात विलेम काल्फने चांदी, चिनी वाडगे, नॉटिलस शिंपल्याचे सोन्याने मढवलेले चषक अशी श्रीमंती रंगवली. तरी त्या श्रीमंतीत एखादे घड्याळ हळूच येऊन बसतेच. माझ्या मते ह्या समाजाला दोन्ही हवे होते: वस्तू घरात असावी, आणि आपण तिच्यात गुंतलेलो नाही अशी ग्वाही भिंतीवर असावी. एका पिढीत श्रीमंत झालेल्या, पण काटकसरीच्या धर्मात वाढलेल्या माणसांची ही अस्वस्थता आहे. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या घरातही दारावर संतांची वचने आणि कपाटात दागिने सुखाने नांदतात.

*

आता पुन्हा क्लासच्या १६२७ च्या मेजाकडे येऊ. पांढऱ्या कापडाखालून गालिचा डोकावतो. मध्यभागी टर्की पक्ष्याची सारण भरलेली पेस्ट्री, तिच्यावर त्याच पक्ष्याची पिसे खोवून त्याला जिवंत असल्याचा आव आणलेला. नॉटिलसचा चषक. चिनी पोर्सिलेनच्या बशीत फळे. ऑलिव्ह, लिंबू, पाव, मीठ. हिरवट काचेचा जाड पेला. तेलकट बोटांतून तो निसटू नये म्हणून अशा पेल्यांच्या दांड्यावर काचेचे उंचवटे डकवलेले असत. आणि एका कोपऱ्यात कागदाच्या पुडीतून सांडलेली मिरी. ही पुडी त्या काळच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसते आणि ती छापील पंचांगाच्या पानाची असते. सरलेल्या वर्षाचे पान, म्हणजे काळ निघून गेला. बोधाच्या भाषेत एवढा अर्थ पुरे. पण वाण्याच्या दुकानातून रद्दीच्या कागदात मिरी बांधून आणलेल्या कोणालाही त्यातला साधा खरेपणा आधी भिडतो.

अशा चित्रांत माणूस नसतो असे वर म्हटले. त्याला एक सुंदर अपवाद आहे. क्लारा पेटर्स ह्या चित्रकर्तीने १६१५ च्या सुमारास चीज, बदाम आणि बिस्किटांचे चित्र काढले. ते हेग येथे आहे. त्यातल्या सुरीच्या मुठीवर तिचे नाव कोरलेले आहे आणि सुरईच्या धातूच्या झाकणात तिचा स्वतःचा इवलासा चेहरा उमटला आहे. स्त्रियांना नग्न देहाचा अभ्यास करण्याची मुभा नव्हती, म्हणून इतिहासचित्रांचे दालन त्यांना जवळजवळ बंद होते. वस्तुचित्राच्या खालच्या पायरीवर त्यांना जागा मिळाली. त्या पायरीवरून तिने आपली सही अशी करून ठेवली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने एखाद्या स्त्री-चित्रकाराचे स्वतंत्र प्रदर्शन प्रथम भरवले ते तिचेच, २०१६ साली.

झाकणात चित्रकर्ती दिसते. पण मिरी वेचणारा, मीठ उपसणारा, शिंपला समुद्रातून काढणारा कुठल्याच चकाकीत उमटत नाही. वस्तूचा तिसरा अर्थ तिथे सुरू होतो. पहिला बोधाचा, दुसरा किमतीचा. तिसरा ती ज्या वाटेने मेजावर आली त्या वाटेचा. चित्रकाराने तो रंगवलेला नाही. पण वस्तूने तो बरोबर आणलेला आहे.

टर्कीपासून सुरुवात करू. पक्षी अमेरिकेचा. पण डच भाषेत त्याचे नाव ‘काल्कून’, म्हणजे कालिकतची कोंबडी. अमेरिका म्हणजेच हिंदुस्थान अशा घोटाळ्याच्या काळात नवी पाखरे, नवी धान्ये कोणत्याही दूरच्या देशाच्या नावाने ओळखली गेली, आणि कालिकत हे दूरपणाचेच दुसरे नाव होते. गंमत अशी, की हा ‘कालिकती’ पक्षी हिंदुस्थानला अपरिचित होता. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून ज्या नवलाईच्या चिजा जहांगीर बादशहाकडे नेल्या, त्यांत तो होता; बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आणि त्याचे चित्र काढवले. मन्सूरच्या नावावर असलेले ते चित्र लंडनला आहे. पंधरा वर्षांच्या अंतराने एकच पक्षी मोगल चित्रशाळेत जिवंत उभा आहे आणि हार्लेमच्या मेजावर पेस्ट्रीत शिजला आहे.

पोर्सिलेनची वाट अधिक रखरखीत. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. १६०३ साली डचांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले; त्यातला चिनी मातीच्या भांड्यांसह सगळा माल अ‍ॅम्स्टरडॅमला लिलावात तीस लाखांहून अधिक गिल्डरांना गेला. ही लूट कायदेशीर कशी, हे सांगण्याच्या खटपटीत ह्यूगो ग्रोशियसने लेखणी उचलली आणि तिच्यातूनच समुद्र सर्वांना खुला आहे हा त्याचा १६०९ सालचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. फळांनी भरलेल्या निळ्या-पांढऱ्या बशीमागे असे आंतरराष्ट्रीय कायद्याचे जन्मरहस्य आहे.

मिरीची वाट आपल्या अंगणातून जाते. १६२७ साली डचांना मिरी मुख्यतः बांटम आणि सुमात्राकडून मिळे. मलबारवर त्यांचा हात नंतर पडला, कोची त्यांनी १६६३ साली घेतले. पण त्याआधीच, १६३७ साली, आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला त्यांनी वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रात कोंडी करणाऱ्या डच आरमाराला दाणापाणी आणि बातमी पुरवणे हे तिचे मोठे काम. वेंगुर्ल्याहून गेलेली डच पत्रे आपल्या इतिहासकारांनी शिवकालाच्या अभ्यासासाठी वापरली आहेत. वखारीची पडकी इमारत आजही तिथे उभी आहे. हार्लेमचे मेज आणि कोकणचा किनारा एकाच हिशेबाच्या वहीत होते, हे ती इमारत पाहिली की कळते.

जायफळाची वाट रक्ताची आहे. जायफळ तेव्हा जगात फक्त बांदा बेटांवर होई. १६२१ साली यान पीटर्सझून कूनने ती बेटे जिंकली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली फार थोडी माणसे तिथे उरली, बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. बागांत मग बाहेरून आणलेले गुलाम राबले. साखरेची वाट ब्राझीलच्या मळ्यांतून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येते. १६३७ साली डचांनी एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला तो गुलामांच्या व्यापारासाठीच.

आणि एक योगायोग. अ‍ॅम्स्टरडॅमच्या लोहाराच्या भट्टीशेजारी चित्र पाहून नवल करणारा पीटर मंडी दहा वर्षे आधी हिंदुस्थानात होता. १६३० च्या अखेरीस तो सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला, आणि गुजरात, खानदेश, दख्खन होरपळून काढणाऱ्या दुष्काळात रस्त्याकडेला पडलेली प्रेते त्याने पाहिली व नोंदली. तुकोबांच्या संसाराची वाताहत करणारा दुष्काळ तोच. एकाच माणसाच्या डोळ्यांनी दोन्ही पाहिले: न खाल्लेल्या मेजवान्यांची चित्रे टांगणारे शहर आणि अन्नावाचून ओस पडलेली गावे. ह्या दुष्काळाला डच जबाबदार होते असे नाही. पण भरल्या ताटाचे चित्र कोणत्या जगात काढले जात होते, हे मंडीच्या वह्या शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते.

हॉलंडमध्येही हा हिशेब अलीकडे उघडला गेला आहे. २०१९ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरसंग्रहालयाने त्या शतकाला ‘सुवर्णयुग’ म्हणणे सोडले. २०२१ साली राइक्स म्यूझियमने गुलामगिरीवर मोठे प्रदर्शन भरवले. ह्यावर तिथे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

पण म्हणून क्लासला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. त्याने मिरी कुठून आली हे सांगितले नाही. पण मिरी लपवलीही नाही. राजांच्या तसबिरी रंगवणाऱ्यांनी चेहऱ्यावरचे व्रण झाकले, लढायांची चित्रे काढणाऱ्यांनी विजय मोठे केले. मेजावरच्या वस्तू रंगवणाऱ्या ह्या पायदळाने आपल्यासमोर जे होते ते, जसे होते तसे, दाणा अन् दाणा मांडून ठेवले. कवटीतला आणि बुडबुड्यातला बोध त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी होता; तो त्यांनी वाचला आणि बहुधा विसरलेही. वस्तूंनी सोबत आणलेला वृत्तान्त मात्र तेव्हा कोणी वाचलाच नाही, म्हणून तो जसाच्या तसा शिल्लक राहिला आहे. कालबाह्य झालेल्या पंचांगाचे ते पान पुडीच्या वळ्यांत आजही अर्धेमुर्धे वाचता येते, आणि त्यातून सांडलेली मिरी कोणी अद्याप गोळा केलेली नाही.